दाराबाहेरचा गारठा आणि नाताळची पुस्तके

उत्तर युरोपात डिसेंबरअखेरीस दिवस फारच आखूड होतो. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे २१ डिसेंबरला सूर्य सव्वाअकरानंतर उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो. लंडनमध्ये त्या दिवशी आठ तासांहूनही थोडा कमी उजेड मिळतो, तर मुंबईत त्याच तारखेला तो अकरा तासांच्या घरात असतो. शेतीची कामे थांबलेली, बाहेर पडावेसे वाटू नये अशी हवा, आणि नाताळच्या पूर्वसंध्येपासून नववर्षदिनापर्यंत बहुतेक व्यवहार मंदावलेले, अशा त्या मोकळ्या आणि अंधाऱ्या आठवड्यासाठी तिकडे वाचनाची एक स्वतंत्र परंपरा तयार झाली. प्रकाशक आणि पुस्तकविक्रेते तिच्यातील पुस्तकांना ‘उबदार’ म्हणतात. मनाला निवांत करणारे, फारसे न दुखवणारे आणि शेवटी सारे ठीकठाक करणारे पुस्तक असा त्या विशेषणाचा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. मात्र या परंपरेतील जी पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती उघडून पाहिली तर त्यांत भुते, खून, उपासमार, कर्जबाजारीपणा आणि जीवघेणी हिमवादळे ठायीठायी आढळतात. ती उबदार ठरली ती थंडी वगळल्यामुळे नव्हे, तर थंडी दाराशीच उभी आहे याचे भान वाचकाला सतत देत राहिल्यामुळे.

या परंपरेचे आधुनिक रूप घडवण्यात सर्वांत मोठा वाटा चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या छोटेखानी कादंबरीचा आहे, याविषयी फारसे दुमत नाही. ती १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये खाणी व कारखान्यांतील बालमजुरांच्या स्थितीविषयी सरकारी आयोगाचा अहवाल गाजत होता, आणि डिकन्सने स्वतः फील्ड लेन येथील ‘रॅग्ड स्कूल’, म्हणजे अत्यंत गरीब मुलांसाठी चालवलेली मोफत शाळा, पाहिली होती. वडील कर्जापायी तुरुंगात गेले त्या सुमारास बाराव्या वर्षी बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात राबलेल्या या लेखकाला तो विषय नवा नव्हता. प्रथम त्याच्या मनात या प्रश्नावर एक पत्रक काढायचे होते. पुढे पत्रकाऐवजी गोष्ट लिहिली तर घाव अधिक वर्मी बसेल असे त्याला वाटले आणि अवघ्या सहा आठवड्यांत त्याने ती लिहून पूर्ण केली.

गोष्ट सर्वश्रुत आहे. स्क्रूज नावाच्या कवडीचुंबक सावकाराला नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचे भूत भेटते, त्यामागोमाग भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवणारे तीन आत्मे येतात, आणि सकाळी तो माणूस बदललेला असतो. एवढ्या कथानकावर पुस्तक दीडशेहून अधिक वर्षे टिकले नसते. ते टिकले ते बारीक तपशिलांमुळे. स्क्रूजच्या कचेरीत कारकून बॉब क्रॅचिटच्या शेगडीत विस्तव असतो तो एकाच कोळशाचा वाटावा इतका. कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत असल्यामुळे तो बिचारा मेणबत्तीवर हात शेकण्याचा प्रयत्न करतो. त्याच्या घरी नाताळचा बेत असतो तोही काटकसरीचाच. बदक भाजून आणायचे ते बेकरीवाल्याच्या भट्टीत, कारण घरी तेवढी मोठी चूल नाही. पुडिंग उकडायचे ते कपडे उकळण्याच्या तांब्याच्या हंड्यात, त्यामुळे ते बाहेर काढताना घरभर धुण्याच्या दिवसाचा वास दरवळतो. जेवण एवढ्या मोठ्या कुटुंबाला तसे कमीच पडणारे असते, पण ते कोणीही बोलून दाखवत नाही. वाचकाला जाणवणारी ऊब त्या न बोलण्यातून येते.

या पुस्तकाच्या अर्थकारणातही एक उपरोध दडलेला आहे. डिकन्सने छपाईचा खर्च स्वतः उचलला, जॉन लीचकडून चित्रे काढून घेतली, त्यांतील काही हाताने रंगवून घेतली, पानांना सोनेरी कडा दिल्या आणि तरीही किंमत पाच शिलिंग ठेवण्याचा आग्रह धरला. वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे आणि गोष्टीतल्या क्रॅचिटचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग होता. म्हणजे ज्याच्या कैवारासाठी पुस्तक लिहिले, त्याला ते घ्यायचे तर आठवड्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली, पण हजार पौंडांची अपेक्षा असताना लेखकाच्या पदरात अवघे २३० पौंड पडले. भरीला चोरटी आवृत्ती निघाली. डिकन्सने खटला जिंकला, परंतु प्रतिपक्षाने दिवाळे काढल्यामुळे कोर्टखर्चाचे सुमारे ७०० पौंड त्यालाच भरावे लागले.

पुस्तक घराघरांत गेले ते विकत घेण्यापेक्षा ऐकण्यातून. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी शेकोटीभोवती बसून ऐकायचे, ही त्या काळातील सर्वमान्य पद्धत होती. खुद्द डिकन्सने २७ डिसेंबर १८५३ रोजी बर्मिंगहॅमच्या नगरसभागृहात या पुस्तकाचे जाहीर वाचन केले आणि त्याच मालिकेतील एक कार्यक्रम कामगारांसाठी अल्प दरात ठेवायला लावला. पुढे १८७० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधीपर्यंत, तो हे वाचन करीत राहिला. ‘कॅरल’नंतर त्याने नाताळासाठी आणखी चार पुस्तके लिहिली. त्यांपैकी ‘द क्रिकेट ऑन द हार्थ’ त्या काळी पुष्कळ लोकप्रिय झाले, पण आज ती चारही मुख्यतः अभ्यासकांपुरती उरली आहेत, आणि त्यात फारसा अन्याय झाला आहे असे म्हणता येत नाही.

नाताळासारख्या मंगल सणाच्या गोष्टीत भूत कसे, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. इंग्लंडमध्ये हिवाळ्याच्या लांब रात्री आणि भुताखेतांच्या गोष्टी यांचे नाते डिकन्सच्या पुष्कळ आधीचे आहे. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकाचे नावच त्याची साक्ष देते. एकोणिसाव्या शतकात नियतकालिकांचे नाताळ विशेषांक निघू लागले, तेव्हा संपादकांनी हा जुना शौक हेरला आणि भूतकथा हा त्या अंकांचा ठरलेला ऐवज झाला. या प्रकाराला सर्वांत सफाईदार रूप दिले ते एम. आर. जेम्स या मध्ययुगीन हस्तलिखितांच्या गाढ्या पंडिताने. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला तो आपल्या खोलीत मित्रांना जमवी, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवी आणि बहुधा नुकतीच लिहून संपवलेली गोष्ट वाचून दाखवी. त्याचा पहिला संग्रह १९०४ मध्ये आला, आणि १९७१ पासून बीबीसी दूरचित्रवाणीने नाताळात दाखवलेल्या भूतकथांच्या मालिकेचा मूळ आधारही जेम्सच्याच कथा होत्या. त्याचे नायक बहुधा एकलकोंडे विद्वान असतात. जुनी शिट्टी, जुना नकाशा, जुने पुस्तक असे काहीतरी ते नको तेथे उकरून काढतात आणि त्याची किंमत मोजतात. अशी गोष्ट एकट्याने वाचली तर झोप उडते, दहा जणांत ऐकली तर माणसे एकमेकांजवळ सरकून बसतात. भीतिकथेच्या उबदारपणाचे रहस्य बहुतांशी या सरकून बसण्यात आहे.

भुताची जागा पुढे खुन्याने घेतली. आर्थर कॉनन डॉयलची ‘द ब्ल्यू कार्बंकल’ ही शेरलॉक होम्सची कथा जानेवारी १८९२ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आली, पण तिच्यात अजून खून नव्हता. होते ते एक बदक आणि त्याच्या गळ्याच्या पिशवीत सापडलेले चोरीचे रत्न. हे बदक एका पानगृहाच्या ‘गूज क्लब’मधून आलेले असते. अशा मंडळाचे सभासद दर आठवड्याला काही पेन्स भरीत आणि नाताळात त्यांना एक बदक मिळे, म्हणजे आपल्याकडच्या भिशीचाच तो एक प्रकार. होम्स टोपीवरून माणूस ओळखतो, चोर पकडतो आणि सणाचे दिवस आहेत म्हणून त्याला सोडून देतो. भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे होम्स मराठीत कधीच परका राहिलेला नाही, आणि डिसेंबरच्या एका संध्याकाळी एका बैठकीत संपणारी गोष्ट हवी असेल तर हिच्याइतकी चोख गोष्ट सापडणे अवघड आहे.

विसाव्या शतकात अगाथा ख्रिस्तीच्या प्रकाशकांनी तर ‘नाताळाला ख्रिस्ती’ अशा अर्थाची जाहिरातच रूढ केली आणि तिची नवी कादंबरी सणाच्या खरेदीत मोडू लागली. ज्याला इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात तो रहस्यकथेचा प्रकार मुख्यतः तिच्या आणि तिच्या समकालीनांच्या लेखनातून आकाराला आला: ठिकाण लहानसे गाव किंवा बर्फाने जगापासून तुटलेला वाडा, शोध घेणारी व्यक्ती बहुधा हौशी, हिंसा पडद्याआड, आणि अखेरीस गुन्हेगार हाती लागून विस्कटलेली घडी पुन्हा बसलेली. तरीही तिचे ‘हर्क्यूल प्वारोज ख्रिसमस’ हे १९३८ मधील पुस्तक या व्याख्येत नीट बसत नाही. तिच्या मेव्हण्याने तक्रार केली होती की तिचे खून अलीकडे फारच सोज्वळ होऊ लागले आहेत, निदान एक तरी रक्तबंबाळ खून हवा. तिने ती फर्माईश पूर्ण केली आणि अर्पणपत्रिकेत तसे नमूदही केले. नाताळासाठी जमलेले कुटुंब, बंद खोली आणि मारला गेलेला खाष्ट म्हातारा कुटुंबप्रमुख असा हा मामला आहे. सणासुदीला एकत्र आलेले नातेवाईक एकमेकांना किती सहन करू शकतात, याचे त्यातील निरीक्षण खुनाच्या उकलीपेक्षाही अधिक लक्षात राहते.

पुस्तक आणि नाताळ यांचा संबंध सर्वांत घट्ट आढळतो तो मात्र आइसलँडमध्ये. सुमारे चार लाख लोकवस्तीच्या या देशात वर्षभरातील नव्या पुस्तकांचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बाजारात येतो, २४ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटवस्तू उघडल्या जातात तेव्हा त्यांत पुस्तक असतेच, आणि पुष्कळ जण ती रात्र वाचनात घालवतात. या साऱ्या प्रकाराला तेथे ‘योलाबोकाफ्लोद’, म्हणजे नाताळातला पुस्तकांचा पूर, असे नाव आहे. समाजमाध्यमांवर गरम चॉकलेटच्या पेल्यासह फिरणारे त्याचे चित्र सुबक असले, तरी मुळाशी गेल्यास तेथे परकीय चलनाची टंचाई सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. कागदावरचे निर्बंध त्या मानाने सैल होते. देशात ब्रिटिश आणि नंतर अमेरिकी सैन्याचा तळ पडल्याने लोकांच्या हाती पैसा खेळू लागला होता, पण भेट म्हणून द्यावे असे दुकानात फारसे काही मिळत नव्हते. ती पोकळी देशातच छापता येणाऱ्या पुस्तकाने भरून काढली. आइसलँड १७ जून १९४४ रोजी डेन्मार्कपासून वेगळे होऊन प्रजासत्ताक झाले, आणि त्याच वर्षीपासून प्रकाशकांच्या संघटनेने नव्या पुस्तकांची एकत्रित सूची काढायला सुरुवात केली. नोव्हेंबरात घरोघरी मोफत जाणारी ही सूची समोर ठेवून कोणाला कोणते पुस्तक द्यायचे याची खलबते घरात सुरू होत. अर्नाल्दुर इंद्रिदासोनसारखे लोकप्रिय रहस्यकथाकार आपली नवी कादंबरी नेमाने नोव्हेंबरच्या आरंभी प्रसिद्ध करीत आले आहेत, तेही याच गणितामुळे.

अर्थात केवळ आयातबंदीने वाचक तयार होत नाहीत. आइसलँडच्या जुन्या शेतघरांच्या भिंती गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांच्या असत, कारण देशात लाकूड दुर्मीळ होते. घरातील सर्व माणसे एकाच लांबट खोलीत राहत, काम करीत आणि झोपत. हिवाळ्यात संध्याकाळी तेथे ‘क्वोल्दवाका’ भरे. हा शब्द रात्रीच्या सामुदायिक जागरणासाठी वापरला जाई: मंडळी लोकर पिंजायची, सूत कातायची, मोजे विणायची आणि एक जण दिव्याजवळ बसून वाचायचा. वाचायचे काय, तर मध्ययुगात लिहिल्या गेलेल्या गद्य वीरकथा, ज्यांना ‘सागा’ म्हणतात, किंवा धार्मिक ग्रंथ. वाचनाने हात रिकामे राहत नसत, म्हणून ते चैन मानले गेले नाही. पुढे १९५५ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारा हाल्दोर लाक्सनेस ज्या समाजातून आला तो हा समाज होता.

याच देशातील गुन्नार गुन्नार्सोनची ‘आद्वेन्ता’ ही १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली लघुकादंबरी या लेखातील कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक थंड आहे. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाला ख्रिस्ती परंपरेत ‘अॅडव्हेंट’ म्हणतात. त्या काळात बेनेदिक्त नावाचा एक साधा शेतमजूर, शरद ऋतूत कळप खाली आणताना डोंगरात मागे राहिलेल्या मेंढ्या शोधायला निघतो. मेंढ्या त्याच्या नव्हेत, लोकांच्या. सोबतीला लिओ नावाचा कुत्रा आणि आयतित्ल नावाचा मेंढा, बस्स. बर्फात खणलेल्या बिळात मुक्काम करीत, वादळात वाट हरवत तो जनावरे शोधत राहतो, आणि लेखक या साऱ्याचे कोठेही कौतुक करीत नाही. लेखकाच्या स्क्रिदुक्लाउस्तुर येथील घरात, जे आता संस्कृती केंद्र आहे, दरवर्षी याच दिवसांत हे पुस्तक मोठ्याने वाचले जाते. भेटवस्तू, मेजवानी, शेकोटी असे काहीही नसलेले पुस्तक नाताळचे पुस्तक म्हणून मानले जावे, ही गोष्ट सध्याच्या ‘उबदार’ पुस्तकांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत थंडी न वगळण्याचे हे तत्त्व अधिकच स्पष्ट दिसते. टोवे यान्सन या स्वीडिश भाषेत लिहिणाऱ्या फिनिश लेखिकेच्या, १९५७ मधील, इंग्रजीत ‘मूमिनलँड मिडविंटर’ या नावाने आलेल्या पुस्तकात हिवाळाभर झोपून राहणाऱ्या मूमिन कुटुंबातील मुलगा अवेळी जागा होतो. आईला हाका मारून ती उठत नाही आणि ज्याचे नावही ठाऊक नाही असा ऋतू त्याला एकट्याने पाहावा लागतो. केनेथ ग्रॅहमच्या १९०८ मधील ‘द विंड इन द विलोज’ या पुस्तकातील चिचुंदरीवजा मोल हा प्राणी बर्फातून चालता चालता स्वतःच्या जुन्या, सोडून आलेल्या बिळाचा वास येऊन हमसून हमसून रडतो. नंतर त्या धूळभरल्या घरात काटकसरीचे जेवण आणि दाराशी गाणी म्हणायला आलेली उंदरांची पोरे, असे ते प्रकरण आहे. लुइसा मे ऑल्कटच्या ‘लिटल विमेन’ची सुरुवातच भेटवस्तूंविना आलेल्या नाताळाने होते, वडील युद्धावर असतात आणि चौघी बहिणी आपली नाताळची न्याहारी उचलून एका उपाशी कुटुंबाकडे नेतात. शान्ता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने केलेल्या तिच्या अनुवादाने मराठी घरांतील मुलींच्या कित्येक सुट्या व्यापल्या, आणि मूळ पुस्तकातला बर्फ मराठीत येताना विरघळला नाही, याचे श्रेय अनुवादिकेच्या संयत भाषेला द्यायला हवे.

लॉरा इंगल्स वाइल्डरची ‘द लाँग विंटर’ ही १९४० मधील कादंबरी मात्र थोडी सवडीने सांगावी अशी आहे. १८८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या डकोटा प्रदेशातील डी स्मेट या नव्या वसलेल्या गावाची रेल्वे हिमवादळांमुळे बंद पडली आणि अन्नधान्य, कोळसा, रॉकेल हे सारे येणे थांबले. कोळसा संपल्यावर लॉरा आणि तिचे वडील गवताच्या पेंढ्या पिळून घट्ट कांडकी करतात आणि तीच चुलीत घालतात. ती इतक्या लवकर जळतात की एक माणूस दिवसभर पिळतच राहतो. पीठ संपते तेव्हा कॉफीच्या लहानशा हातगिरणीत मूठमूठ गहू दळला जातो. रॉकेल संपते तेव्हा आई एका बटणावर कापड आवळून त्याची वात करते आणि बशीतल्या गाडीच्या वंगणात ती पेटवते. नाताळासाठी पूर्वेकडून पाठवलेले टर्कीचे पिंप त्यांच्या हाती पडते ते मे महिन्यात, आणि तेव्हा ते सण साजरा करतात. लेखिकेने हे स्वतःच्या लहानपणावरून, वयाच्या सत्तरीनंतर लिहिले. संपूर्ण पुस्तकात सुखाचे प्रसंग मोजकेच आहेत, आणि तरीही रजईत शिरून वाचण्याच्या पुस्तकांत त्याची गणना नेहमी होते.

थंडी दाराशी उभी ठेवण्याच्या या कसोटीवर आजचा बाजार बेताचाच उतरतो. मुखपृष्ठावर भुरभुरणारे हिम, एखादी बेकरी, कॅफे किंवा पुस्तकांचे दुकान, शहरातली नोकरी सोडून आलेली नायिका आणि शेजारचा अबोल देखणा सुतार, अशा साच्यातील कादंबऱ्या इंग्रजीत दर नोव्हेंबरात ढिगाने येतात. त्यांत वाईट काही नाही. प्रवासात किंवा आजारपणात त्या उपयोगी पडतात. परंतु त्यांतील थंडी कोणालाच वाजत नाही, दुकानाचे भाडे कधी थकत नाही आणि बर्फ केवळ सजावटीपुरता पडतो, त्यामुळे जानेवारीत त्यांतले एकही नाव आठवत नाही.

मराठी वाचकाला सणाशी बांधलेल्या वाचनाची कल्पना मुळीच परकी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. आइसलँडची सूची निघायला तेव्हा पस्तीस वर्षे अवकाश होता. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक तेव्हा सुशिक्षितांच्या पाहण्यातले होतेच. फरक असा की आइसलँडमध्ये एका माणसाने दुसऱ्याला एक पुस्तक द्यायचे, तर मराठीत अनेक लेखकांचा एक जाडजूड अंक साऱ्या घराने आळीपाळीने वाचायचा. भयाची आणि रहस्याची ओढ मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते: ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी गूढ, अद्भुत आणि रहस्यमय कथांसाठीच आपला वाचक बांधून ठेवला, आणि ऐन दिव्यांच्या सणात नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या अंगावर काटा आणणाऱ्या कथा वाचण्यात मराठी कुटुंबांना कधी विसंगती वाटली नाही. दिवाळीत महाराष्ट्रात थंडी नुकती कोठे सुरू झालेली असते. तिचा खरा कडाका नाशिक, पुणे आणि विदर्भात डिसेंबर-जानेवारीतच जाणवतो, आणि वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना काही महिने चालत असल्यामुळे गाजलेले अंक वर्गणीदारांच्या हाती पडता पडता बहुधा नाताळ उजाडलेला असतो.